पूरग्रस्त भागात आठवडाभर मदतीला जावं, की सरळ पैसे पाठवावेत?

कुठल्या संस्थेतून जावं आणि सोबत काय न्यावं, हे तुमच्या प्रश्नातले पहिले दोन भाग. त्यांच्याकडे नंतर येते. 'जाऊन खरंच उपयोग होतो, की पैसेच पाठवावेत?' हा तिसरा भाग वाचला आणि राहवलं नाही. जुलै 2021 मध्ये मी पुण्याहून चिपळूणला निघाले, तेव्हा माझ्या सख्ख्या मोठ्या भावाने मला हेच ऐकवलं होतं. "तुम्ही चौघं जाणार, त्यांच्याच डोक्यावर बसून जेवणार. त्यापेक्षा डिझेलचे पैसे पाठवा, ते मजूर लावून घेतील."

जा. पूर ओसरून पंधरा दिवस झाले नसतील तर जाच.

चिपळूणमध्ये 22 जुलैच्या पहाटे पाणी चढलं. रात्रभर कोसळणारा पाऊस, त्यात खाडीला भरती, वाशिष्ठी नदीच्या पाण्याला जायला वाटच नाही. 26 जुलै 2005 चा पूर ज्यांनी पाहिला होता, त्यांनी त्या वेळच्या खुणेच्या वर माल चढवून ठेवला होता. पाणी त्याच्याही वर गेलं. आम्ही पोचलो तो पाचवा दिवस होता. बाजारपेठेत रस्त्याच्या दोन्ही कडांना ढीग लागलेले होते. त्यात फ्रीज, गाद्या, फुगून उसवलेली तांदळाची पोती, आणि सगळ्यावर कुजलेल्या धान्याचा आणि डिझेलचा मिळून एकच वास.

मजूर आणणार कुठून? गावातला जो तो स्वतःच्या घरातला गाळ उपसत होता, आणि मजुराच्या घरातही तेवढाच गाळ होता. पैसे हातात घेऊन माणसं फिरत होती, कामाला माणूस मिळत नव्हता. गाळ ओला आहे तोवर फावड्याने आणि पाण्याच्या माऱ्याने निघतो. चार दिवस ऊन पडलं की तो फरशीला असा धरतो की खरवडून काढावा लागतो. भिजलेली कापसाची गादी उचलायला चार माणसं लागतात. सत्तरीचे नवरा-बायको ती कशी उचलणार?

आम्हाला एका किराणा दुकानावर पाठवलं. रांग लावून घमेली पुढे सरकवत होतो, दुपारपर्यंत अर्धं दुकान रिकामं केलं होतं. स्वतःच्या कामावर मी खूश होते. तेवढ्यात दुकानदार काका मागच्या खोलीतून बाहेर आले, गल्ल्याखालचा कप्पा बघितला आणि म्हणाले, "वही?"

उधारीची वही. ती मीच टाकली होती. चिखलाचा गोळा हाताला लागला, भिजलेला पुठ्ठा असेल असं वाटलं आणि घमेल्यात भिरकावला. काका ओरडले नाहीत. लुंगी वर खोचून सरळ बाहेरच्या ढिगात शिरले. रस्त्याच्या टोकाला जेसीबी डंपर भरत आमच्याच दिशेने येत होता. आम्ही पाचही जण हातांनी ढीग उकरत होतो. दीड तासाने वही सापडली.

काकूंनी टँकरचं पाणी परातीत घेऊन ती धुतली आणि पातळ उलथन्याने एकेक पान सोडवलं. वीज नव्हती, म्हणून पंखाही नव्हता. पोटमाळ्यावर दोरी बांधून पानं चिमट्यांनी लटकवली. बॉलपेनने लिहिलेलं टिकलं होतं. जेलपेनच्या जागी नुसता निळा डाग. काका नवी वही घेऊन बसले, मी कंदिलाशी पान धरून नाव आणि आकडा वाचायचा, त्यांनी उतरवायचा. जिथे आकडा गेला होता तिथे ते डोळे मिटून घर आठवायचे आणि रक्कम सांगायचे. त्यातल्या निम्म्या लोकांची घरंही पाण्यात गेली होती. मी विचारलं, आता हे पैसे कसे मागणार? ते म्हणाले, "आत्ता नाही मागणार. पण लिहिलेलं पाहिजे."

म्हणून माझा एकच कडक नियम आहे. घरधनी शेजारी उभा असल्याशिवाय त्याच्या घरातली एकही वस्तू ढिगात टाकायची नाही. तुम्हाला कचरा दिसतो, पण त्यात काय आहे ते फक्त त्याला माहीत असतं. आणि काहीही हलवण्याआधी फोटो काढायचे, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेसकट. तलाठ्याचा पंचनामा, विम्याचा दावा, सगळं त्यावर अडतं. त्या वर्षी सरकारने दुकानदारांना नुकसानीच्या 75 टक्के, पण जास्तीत जास्त 50,000 रुपये मदत जाहीर केली, तीही पंचनाम्यावरच. उत्साही पोरांनी दुकान चकाचक करून दिलं आणि पुरावाच उरला नाही, असं होऊ देऊ नका.

सोबत काय न्यायचं: गमबूट, जाड हातमोजे, फावडी, घमेली, खराटे, पाणी ओढायचे वायपर, स्वतःचं पाणी आणि कोरडा शिधा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन जा. लेप्टोच्या (पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) प्रतिबंधक गोळीबद्दल निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, पायाला साधी चीर असली तरी सांगा. जुने कपडे अजिबात नेऊ नका. आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडलेले मी पाहिलेत, ते उचलायचं काम पुन्हा गावाच्याच गळ्यात. नवीन अंतर्वस्त्रं, सॅनिटरी पॅड, नवीन चादरी न्या. बायका जाणार असतील तर संडासाची सोय आधी विचारून घ्या, गाळाने भरलेले संडास आठवडाभर वापरता येत नाहीत. तरीही बायकांनी जायलाच हवं. मी नसते तर त्या स्वयंपाकघरात काकूंनी कुणाला येऊ दिलं नसतं.

संस्थेचं म्हणाल, तर नाव बघून जाऊ नका. त्या गावात ओळखीचं माणूस असलेली आणि 'आज अमुक घरात, उद्या तमुक घरात' असं ठरवून देणारी कुठलीही चालेल. आमच्या चमूला एका शाळेतल्या शिक्षकांनी कामं वाटून दिली, तेवढं पुरलं.

आता जे आधीच सांगायला हवं होतं ते. पहिले दोन-तीन दिवस, एनडीआरएफच्या बोटी फिरत असतात तेव्हा, जाऊ नका. तुमची गाडी रस्ता अडवेल. विहिरीत उतरू नका, ती उपसून टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायचं काम माहितगारांचं आहे. कंबरदुखी असेल, दमा असेल तर घरी थांबून पैसेच पाठवा, त्यात कमीपणा नाही. आणि महिना उलटल्यावर पैशाचाच उपयोग जास्त, कारण तोवर मजूर मिळायला लागतात आणि दुकानात माल भरायला भांडवल लागतं.

एवढ्यापुरतं दादाचं बरोबर होतं आणि ते मी त्याला सांगितलंही आहे. पण दादा, तू हे वाचतोयस म्हणून लिहिते. आम्ही त्यांच्या डोक्यावर बसून जेवलो नाही. तांदूळ आणि डाळ आम्ही पुण्याहून नेली होती, काकूंनी त्यातलीच खिचडी केली आणि त्या घरात पुरानंतर पहिल्यांदा चूल पेटली.