ऐकणारा मध्येच येतो

प्रिय मित्रा,

तुझा तासाभराचा मिक्स, म्हणजे गाणी एकमेकांत मिसळून सलग वाजवलेला तास, दोनदा ऐकला. पहिल्यांदा कामं उरकता उरकता, दुसऱ्यांदा हेडफोन लावून. हात चांगला बसलाय तुझा. पण रेडिओवर मिक्स शो मिळवायला कुणाला भेटू, असं जे विचारलंयस त्याचं उत्तर तुला आवडणार नाही. ज्या दारांवर तू टकटक करणार आहेस, त्यातल्या बऱ्याच दारांमागे आता खोलीच उरलेली नाही.

लोकांना मिक्स नकोसे झाले म्हणून हे शो गेले, असं मात्र समजू नकोस. शिकागोत 1981 साली डब्ल्यूबीएमएक्स या रेडिओ स्टेशनवर हॉट मिक्स 5 ही पाच डीजेंची टोळी सुरू झाली. हाऊस हे नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत क्लबच्या भिंतींबाहेर पडून घराघरांत पोचलं, त्यात या टोळीचा मोठा वाटा. न्यूयॉर्कमध्ये मिस्टर मॅजिक आणि कूल डीजे रेड अलर्ट हे रेडिओ डीजे रात्री रॅप वाजवत होते, तेव्हा दिवसा ते वाजवायला बहुतेक स्टेशनं तयार नव्हती. पोरं कॅसेट लावून ते तास टेप करायची. नवं गाणं चालतंय की पडतंय हे आधी तिथे कळायचं, मग दिवसाच्या यादीत त्याला जागा मिळायची.

पण स्टेशनच्या हिशोबात मिक्स शो हा कायम अडचणीचा पाहुणा. बाकीचा दिवस सॉफ्टवेअर लावतं: कुठलं गाणं, किती वाजता, किती तासांनी पुन्हा. मिक्स येतो तो अखंड लगदा. जाहिरात कुठे कापून घालायची? अमेरिकेत 1996 च्या दूरसंचार कायद्याने स्टेशनांच्या मालकीवरची देशभराची मर्यादा उठली. आधी एका मालकाकडे जास्तीत जास्त 40 स्टेशनं असू शकत, नंतर काही वर्षांतच क्लिअर चॅनल ही एकच कंपनी 1200 च्या आसपास पोचली. एका जागी बसून इतक्या स्टेशनांची यादी ठरवणाऱ्याला, कुठल्याशा शहरातला डीजे शनिवारी रात्री काय वाजवेल याची खात्री नसणं परवडत नाही. त्यात 2007 पासून अंगावर बाळगायचं मोजणी यंत्र आलं. लोक कुठलं स्टेशन कधी सोडतात ते मिनिटामिनिटाला दिसायला लागलं, आणि अनोळखी गाणं म्हणजे गुन्हेगार ठरलं. माझ्या मते खरा घाव हाच. स्ट्रीमिंगच्या नावाने सगळे खडे फोडतात, पण ते आलं तेव्हा रोगी आधीच अंथरुणाला खिळला होता.

मी ज्या स्टेशनवर होतो (नाव सोड) तिथे हे सगळं हप्त्याहप्त्याने झालं. आधी सांगितलं, दर बारा मिनिटांनी जाहिरातीसाठी तोड ठेव. मग म्हणाले, गाण्यांची यादी दोन दिवस आधी दे. मग यादीतली निम्मी गाणी दिवसाच्या यादीतलीच हवीत. शेवटी एका शुक्रवारी बॅग घेऊन पोचलो, तर माझ्या वेळेत माझाच तीन महिन्यांपूर्वीचा शो लागलेला. कुणाला फरक कळला नाही, असं मला हसत सांगण्यात आलं. खोटं नव्हतं ते, म्हणून जास्त लागलं.

सगळेच बुडाले असंही नाही. बीबीसी रेडिओ 1 वरचा इसेन्शियल मिक्स 1993 पासून चालू आहे, दोन तासांचा. पण तिथे जाहिराती नाहीत, हे विसरून उदाहरण देऊ नकोस.

इंटरनेट रेडिओकडे वळशील तर वळ, मीही तेच सुचवतोय. फक्त परवान्याची कलमं आधी वाच. अमेरिकेतल्या वैधानिक परवान्यात (इंटरनेट रेडिओला गाणी वाजवायला कायद्यानेच मिळणारा सरसकट परवाना) तीन तासांत एकाच कलाकाराची चारपेक्षा जास्त गाणी चालत नाहीत, आणि पाच तासांपेक्षा छोटा कार्यक्रम नंतर केव्हाही ऐकायला साठवून ठेवता येत नाही. म्हणजे एकाच कलाकाराला वाहिलेला तासाभराचा मिक्स तिथे दोन्हीकडून अडकतो. प्रत्येक देशाचं वेगळं, विचारून घे.

आता तुझ्या मिक्सबद्दल. तो क्लबसाठी बांधलेला आहे. क्लबमधला माणूस पहिल्या गाण्यापासून तुझ्यासोबत असतो, रेडिओचा तेविसाव्या मिनिटाला येतो. त्याला आधीचं काही ठाऊक नसतं, तुझा चेहरा दिसत नसतो, आणि त्याचं बोट बटणावर असतं. तुझ्या बाविसाव्या मिनिटाला ड्रम जातात आणि जवळजवळ दोन मिनिटं नुसती धुसर कीबोर्डची लाट राहते. समोर गर्दी असती तर हात वर गेले असते. रेडिओवर लोकांना वाटतं, स्टेशन बंद पडलं.

आणि बोल रे मध्येमध्ये! तू तासभर तोंड उघडलेलं नाहीस. गाण्याचं नाव, कुणाचं, बस. मी सुरुवातीला एकदा थेट प्रक्षेपणात पिच, म्हणजे गाण्याचा वेग, चुकवली. दोन गाण्यांचे ठोके उधळलेल्या घोड्यांच्या टापांसारखे एकमेकांवर आदळायला लागले. घाबरून फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) ओढला आणि माईकवर म्हणालो, "हे माझ्या हातून गेलं, पुन्हा लावतो." त्या रात्री जितके फोन आले तितके कुठल्याही सफाईदार मिक्सला आले नाहीत. तू मात्र संगणकावर प्रत्येक जोड घासूनपुसून बसवलाय. पुढचा एका बैठकीत वाजव, चुकलं तर चुकलेलंच पाठव.

छोटं स्टेशन मिळालं तर एकच मागणी धर: ठरलेला वार, ठरलेली वेळ. पैसे, नाव, मोठी वेळ यावर भांडू नकोस. मंगळवारी रात्री अकरा मिळाले तर मंगळवारी रात्री अकरा. पन्नास आठवडे.

त्याआधी एक कर. हाच मिक्स घरातल्या कुणाला तरी, काही न सांगता, शेजारच्या खोलीत लावून दे. बाविसाव्या मिनिटापासून. ते उठून "बंद पडलं का?" म्हणत येतात, की "हे कोण गातंय?" विचारत, ते मला कळव.

तुझा,
एक जुना शुक्रवारवाला