फडकं पाणी पीत नसेल तर कापडाला बोल लावू नका

ताई, "फडकं पाणी टिपत नाही, नुसतं ओट्यावर फिरवतं" हे तुमचं वाक्य वाचलं आणि मी मंडळींना हाक मारून फोन दाखवला. २०१९ मध्ये आमच्या आईनं मला हेच ऐकवलं होतं, "ही चिंधी पाणी पिईना, नुस्तं लोळवायलीय."

किचन रोल आणि कागदी नॅपकिन बंद करून तुम्ही चाळीस फडकी शिवलीत, तीन महिन्यांत ती कडक झाली, वास मारायला लागली, आणि आता साहेब गुपचूप परत रोल घेऊन आले. पण शेवटच्या ओळीत तुम्ही सहज लिहून गेलात, "वासासाठी धुताना ते सुगंधी लिक्विड पण घालते." ते लिक्विड म्हणजे कपडे मऊ करायचं फॅब्रिक कंडिशनर. पाणी मुरतंय ते तिथं. म्हणजे खरं तर मुरत नाहीये.

सुतीच कापड घ्या, नव्या कापडाची खळ चार-पाच धुण्यांत जाऊ द्या, हे सांगत बसत नाही. तुम्हाला माहीत असणार. मी थेट माझ्या घोडचुकीवर येतो, तिनं माझे आठ महिने खाल्ले.

मी एसटीच्या वर्कशॉपला मेकॅनिक होतो. हात पुसायला चिंध्यांची पोती यायची. कुठली चिंधी ग्रीस ओढते हे बोटांनाच कळायचं, जुन्या बनियनचा तुकडा हाती लागला की तो आपल्या खिशात. त्यामुळं निवृत्त झाल्यावर घरचं धुणं अंगावर घेतलं तेव्हा कापडातलं आपल्याला कळतं असा माज होता.

आमच्याकडं कागद हौस म्हणून आला नाही, २०१६ च्या दुष्काळानं आणला. लातुरात मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लागलं, एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात भांड्याला पाणी नको म्हणून आम्ही कागदी पत्रावळीवर जेवलो आणि फडकं धुवायला नको म्हणून कागदानं पुसून फेकून दिलं. पुढं पाऊस झाला, कागद मात्र घरातच राहिला. दर महिन्याच्या किराणाच्या यादीत तो दिसायला लागला तेव्हा माझं डोकं फिरलं आणि मी फडकी सुरू केली.

आईची दोन जुनी सुती लुगडी होती. तीस-तीस वर्षं धुऊन इतकी मऊ झालेली की त्याहून चांगलं टिपणारं कापड बाजारात मिळत नाही. ती मागून घेतली, फाडली, कडा शिवल्या. पहिले पंधरा दिवस झकास. मग बोअरच्या पाण्यानं ती पापडासारखी कडक व्हायला लागली. दुकानदार म्हणाला, "काका, शेवटच्या पाण्यात हे एक झाकण टाका, कापूस होतंय." झालं की कापूस! वासही छान. फक्त पाणी टिपणं कमी झालं. मला वाटलं फडकी अजून नीट मऊ झाली नाहीत, म्हणून मी दोन झाकणं टाकायला लागलो. हसू नका.

झालं असं, की असली लिक्विडं कापूस मऊ करत नाहीत, धाग्यावर मेणचट थर चढवतात. हाताला मऊ लागतं ते त्या थरामुळं, आणि पाणी आत शिरत नाही तेही त्या थरामुळंच. नेसायच्या कपड्याला चालत असेल, मला त्यात पडायचं नाही. पण जे कापड पुसायलाच ठेवलंय, टॉवेल, बाळाचे लंगोट, पाळीचे कापडी पॅड, त्याला ते घालणं म्हणजे छत्रीनं फरशी पुसणं.

मला हे कळलं मेहुण्याच्या पंच्यामुळं. गावाकडून आला, पंचा आमच्याकडं धुवायला टाकला. आला तेव्हा पंचा घटाघटा पाणी प्यायचा, आमच्या दोन धुण्यांनंतर त्याच्यावर थेंब मोत्यासारखा उभा राहिला. तोवर मी आईच्या लुगड्यांना "कापडच जीर्ण झालं" म्हणून घंटागाडीत टाकलं होतं. आई काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसरा चोर बोअरचं पाणी. साबण आणि पाण्यातलं कॅल्शियम एकत्र आलं की फेस होत नाही, साका होतो, आणि तो धाग्यात बसतो. वास येतो तो बहुतेक त्या साक्यात अडकलेल्या तेला-मळाचा. मी पाणी तपासायला एका कार्यालयात दिलं. तीन हेलपाटे. पहिल्यांदा बाटली चुकीची, दुसऱ्यांदा साहेब मीटिंगला, तिसऱ्यांदा कागद मिळाला. कठीणपणा, म्हणजे पाण्यातले कॅल्शियमसारखे क्षार, ५८० आणि शेवटी शिक्का, "पिण्यास योग्य". मी म्हटलं, साहेब, साबणाला फेस येत नाही. ते म्हणाले, मग साबण बदला. घरी येऊन शोधल्यावर कळलं की पिण्याच्या पाण्याच्या आपल्या मानकात कठीणपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला, आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या असं आहे. म्हणजे आमचं पाणी "चालवून घ्या"च्या काठावर होतं आणि शिक्का "योग्य"चा. एवढं एक वाक्य तिथल्या माणसाला सांगता आलं असतं. असो, रक्तदाब वाढतो.

आता तुमची फडकी. आधी थेंब टाकून बघा. थेंब उभा राहिला तर थर आहेच. मी काही केमिस्ट नाही, माझ्या बोअरवर जे चाललं ते सांगतो. बादलीभर कढत पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा आणि थोडी वॉशिंग पावडर, त्यात फडकी रात्रभर. सकाळी जे पाणी निघेल ते बघून तुम्हाला शरम वाटेल, मला वाटली होती. चोळून, दोनदा खळबळून घ्यायचं. मग वेगळ्या पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व घालून अर्धा तास, की क्षार सुटतात. शेवटी साधं पाणी. माझ्या फडक्यांना हे दोनदा करावं लागलं.

सोडा आणि लिंबूसत्व एकत्र टाकायचं नाही. व्हिडिओत फसफसताना फार भारी दिसतं, मीही केलं, पण दोघं एकमेकांनाच मारतात आणि फडकं आहे तसंच राहतं. आणि लिंबूसत्वाजवळ ब्लीच अजिबात आणू नका, विषारी वायू होतो. सोड्यात हात फार वेळ ठेवू नका, रेशमी-लोकरीचं काही त्यात जाऊ देऊ नका.

तुरटीचं कुणीतरी सांगेलच. तुरटीनं टँकरचं गढूळ पाणी निवळतं, कठीणपणा जात नाही. खरं औषध पावसाचं पाणी. पहिला पाऊस पत्रे धुवायला सोडून द्यायचा, पुढचा पन्हाळीखाली ड्रममध्ये धरायचा. त्यात चिमूटभर पावडरला इतका फेस आला की मंडळींना वाटलं मी अख्खी पिशवी ओतली. मी वर्षभराचं हे मोठं धुणं पावसाळ्यातच उरकतो.

फडकी धुवायला पाणी कुठून आणायचं, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. आठ दिवसांनी नळ येणाऱ्या गावात "कागद सोडा" म्हणणं सोपं नाही. मी फडकी रोज धुत नाही. वापरलेली पसरून वाळवतो, ओला बोळा ठेवत नाही, आणि तिसऱ्या दिवशी एकदम धुतो. आपल्या उन्हात मे महिन्यात एक बाजू वाळेपर्यंत दुसरी तापते. धुण्याचं पाणी संडासात जातं. सोड्याचं पाणी झाडांना घालू नका, काळ्या मातीत सोडियम गेलं की जमीन चोपण, म्हणजे घट्ट आणि नापीक, होते. आमचा कढीपत्ता मी असाच मारला.

तेलाची फडकी वेगळी ठेवा, हे माझं ठाम मत आहे. घरात करडईचं तेल असेल तर जास्तच, ते हवेत वाळून चिकट होतं, खवट वास धरतं आणि मग सोड्यालाही दाद देत नाही. त्याच दिवशी कढत पाण्यात टाकायचं. तेलकट चिंध्यांचा ढीग तर कधीच साठवू नका. जवसाच्या तेलाच्या चिंध्या आपोआप तापून पेटू शकतात. रंगकाम करणाऱ्यांना विचारा.

साहेबांचा रोल असू द्या घरात. आमच्याकडंही एक असतो, मटण धुतल्यावर ओटा पुसायला आणि मांजर ओकली तर. सहा-सहा महिने पुरतो.

आणि किराणा दुकानात "धुण्याचा सोडा" असंच म्हणून मागा. नुसतं सोडा म्हटलं की खायचा देतात. मी पहिल्यांदा तोच अर्धा किलो आणला होता, त्या आठवड्यात दोनदा ढोकळा झाला.