दुबईतली ब्रिटिश शाळा : फी एका वर्षाची नाही, सतरा वर्षांची

दुबईहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं : नवरा-बायको नऊ वर्षं तिथे आहेत. यजमानांचा पगार २२,००० दिरहम, त्यात मूळ वेतन ११,०००. ताईंची कंत्राटी नोकरी, ६,५०० दिरहम. मुलगी पाचवीत, मुलगा दुसरीत, दोघेही सीबीएसई शाळेत. वर्षाची फी ११,००० आणि ९,५००. महिन्याला ८,५०० दिरहम वाचतात. त्यातले ३,००० वाकडच्या फ्लॅटच्या हप्त्याला जातात, उरलेले ५,५०० एसआयपी आणि ठेवींत. मुलगी अबोल आहे, वर्गात पस्तीस मुलं, ती हात वर करत नाही. नात्यातल्या एकांची मुलं ब्रिटिश शाळेत गेली आणि खुलली. आता ताईंनाही दोघांना तशाच शाळेत घालायचं आहे. मुलीची फी ४६,००० (इयर ७, म्हणजे आपली सहावी), मुलाची ३९,००० (इयर ४, म्हणजे तिसरी). जागा राखण्यासाठी दोघांची मिळून ८,५०० दिरहम अनामत महिनाअखेर भरायची आहे. ‘परवडेल का?’ हा त्यांचा प्रश्न.

ताई, तुमच्या पत्रातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटलेलं वाक्य फीचं नाही, मुलगी हात वर करत नाही हे आहे. त्याच्याकडे मी येणार आहे. पण आधी आकडे, कारण ‘परवडेल का’ याचं उत्तर तुम्ही पहिल्या वर्षाच्या फीवरून काढलंत आणि तिथेच गफलत आहे.

मुलीची सात वर्षं राहिली आहेत, इयर ७ ते इयर १३. मुलाची दहा. म्हणजे सतरा वर्षांची फी तुम्ही आज कबूल करता आहात. तुम्ही पाठवलेल्या फीपत्रकात इयर १० ला ५२,००० आणि इयर १२ ला ५८,००० लिहिलं आहे. ती बेरीज मी केली : मुलीचे ३,५८,०००, मुलाचे ४,७५,०००, एकूण ८,३३,००० दिरहम. दिरहम २३ रुपयांना धरला तर सुमारे १ कोटी ९२ लाख. आहे त्याच शाळेत बारावीपर्यंत दोघांना मिळून दोन लाख दिरहमच्या आसपास लागतील. फरक सव्वासहा लाख दिरहम, जवळपास १ कोटी ४४ लाख रुपये, आणि तोही आजच्या दराने.

दुबईत शाळांना मनमानी फीवाढ करता येत नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. केएचडीए, म्हणजे दुबईतल्या खासगी शाळांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, दरवर्षी शिक्षणखर्च निर्देशांक जाहीर करते आणि वाढ त्याला बांधलेली असते. २०२५-२६ साठी तो २.३५ टक्के होता. पण इयर ९ मधून इयर १० मध्ये जाताना ४६ चे ५२ हजार होतात, ती या अर्थाने फीवाढ नव्हेच. ती फीपत्रकातली पायरी आहे आणि तिला ही मर्यादा आडवी येत नाही. आयजीसीएसई (इयर ११ ची, आपल्या दहावीसारखी परीक्षा) आणि ए-लेव्हल (इयर १३ ची, बारावीसारखी) यांची परीक्षा फी बहुतेक शाळांत वेगळी घेतात. गणवेश, लॅपटॉप, सहली आहेतच. शाळेला प्रॉस्पेक्टस नव्हे, मागच्या वर्षी इयर ११ च्या एका पालकाने प्रत्यक्षात एकूण किती भरले, हा आकडा मागा.

आता महिन्याचा हिशेब. आजची दोघांची फी २०,५०० आहे, ती ८५,००० होईल. वाढ ६४,५००, म्हणजे महिन्याला ५,३७५ दिरहम. तुमची हप्त्यानंतरची सगळी गुंतवणूक ५,५०० ची आहे. ती एका फटक्यात थांबते. आणि ही वाढ जवळजवळ तुमच्या पगाराएवढी आहे, ताई. त्या पगाराचं कंत्राट तुम्हीच लिहिल्याप्रमाणे येत्या जूनपर्यंतचं आहे. घरातली सगळ्यांत लांबची जबाबदारी घरातल्या सगळ्यांत कच्च्या उत्पन्नावर उभी राहते आहे, हे मला खुपतं.

दुबईत आयकर नाही, पण परदेशी नोकरदाराला पेन्शनही नाही. ग्रॅच्युइटी आहे, ती मूळ वेतनावर : पहिली पाच वर्षं दरवर्षी २१ दिवसांची, पुढे ३० दिवसांची. यजमानांच्या नऊ वर्षांची मी काढली, ८२,५०० दिरहम होते. दोन मुलांची ब्रिटिश शाळेची एका वर्षाची फी ८५,०००. नऊ वर्षांच्या नोकरीची पुंजी एक शैक्षणिक वर्षही भागवत नाही. तुमच्या एनआरई ठेवी (अनिवासी भारतीयांच्या खात्यातल्या) १८ लाख रुपयांच्या आहेत, म्हणजे फ्लॅटचा हप्ता धरून सुमारे साडेतीन महिन्यांचा घरखर्च. नोकरी गेली तर तिथे राहण्याची मुदत मोजकी असते, आणि शाळा मुलांच्या वर्षाच्या मध्यात सोडावी लागते.

२०२० मध्ये माझ्याकडे सल्ला घेणाऱ्या एका कुटुंबावर हे आलं. मुलगी इयर १० मध्ये होती. पुण्यात परतल्यावर सीबीएसईच्या दहावीत थेट घेईनात, कारण नववी-दहावी हा त्यांचा जोड अभ्यासक्रम. शेवटी आयजीसीएसई असलेली शाळाच शोधावी लागली आणि तिची फी वडिलांच्या नव्या पगाराच्या निम्मी होती. तो हिशेब मांडताना मुलीचे आईवडील माझ्यासमोर गप्प बसून होते. ते दृश्य मी विसरलेलो नाही, आणि म्हणूनच मी प्रत्येक गल्फमधल्या पालकांना आधी बाहेर पडायचे दरवाजे विचारतो. ब्रिटिश वाटेवर ते दोनच बरे आहेत : इयर ९ संपेपर्यंत, किंवा आयजीसीएसई झाल्यावर अकरावीला. दुसऱ्यातही खोच आहे. जूनच्या परीक्षेचा निकाल ऑगस्टमध्ये येतो आणि महाराष्ट्रात अकरावीचे प्रवेश त्याच्या आधीच सुरू झालेले असतात.

आणि इयर १३ नंतर काय? याबद्दल पत्रात एक शब्द नाही. ए-लेव्हल भारतात चालतं, भारतीय विद्यापीठ संघाकडून समकक्षता मिळते. पण जेईई आणि नीटचा अभ्यासक्रम एनसीईआरटीच्या, म्हणजे सीबीएसई शाळांतल्या, पुस्तकांना धरून असतो, त्यामुळे ए-लेव्हलच्या मुलाला तयारी वेगळी करावी लागते. साहजिकच या वाटेवरची बरीच मुलं परदेशी पदवीकडे वळतात. तिथे एक गैरसमज मी नेहमी ऐकतो, की ब्रिटिश शाळेत शिकल्यावर ब्रिटनमध्ये फी कमी लागेल. नाही लागत. ती अभ्यासक्रमावर नव्हे, वास्तव्यावर ठरते. दुबईहून गेलेल्या मुलीला आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्याचीच फी भरावी लागेल. शिकवणी फी २५,००० पाउंड आणि राहणं-खाणं १३,००० धरलं, तर तीन वर्षांचे १,१४,००० पाउंड; ११५ रुपयांच्या दराने १ कोटी ३१ लाख.

आता हे बघा. फीतला फरक, महिन्याला साधारण ५,४०० दिरहम म्हणजे १ लाख २४ हजार रुपये, तुम्ही सात वर्षं बाजूला टाकला आणि त्यावर ८ टक्के मिळाले (हमी नाही, अंदाज आहे), तर मुलगी बारावी होईल तेव्हा सुमारे १ कोटी ३९ लाख जमतात. म्हणजे पदवीचे पैसे. ब्रिटनमधली अनेक विद्यापीठं सीबीएसई बारावीच्या गुणांवरही थेट प्रवेश देतात. तेव्हा तुमच्या घरापुरता प्रश्न ‘भारतीय की ब्रिटिश’ असा नाही. शाळा ब्रिटिश हवी की पदवी परदेशी हवी, यांतलं एकच तुमच्या पगारात बसतं. आणि दुसऱ्या वाटेवर मुलीने पुढे पुणं किंवा मुंबई निवडली, तर ते पैसे तुमच्याच खात्यात राहतात.

म्हणून माझं मत : यंदा नको. दोघांना एकदम तर नकोच.

पण मुलीचं काय, हे मी टाळणार नाही. पस्तीसच्या वर्गात अबोल मूल मागे पडतं, यात तुमचं निरीक्षण खरं आहे आणि ते पैशापेक्षा मोठं आहे. मात्र छोट्या वर्गासाठी अभ्यासक्रमच बदलायला हवा असं नाही. दुबईत २० ते २५ हजार दिरहम फीच्या भारतीय शाळाही आहेत. अशा दोन शाळांत जाऊन वर्ग चालू असताना बघा, मुलीला बरोबर न्या, केएचडीएचे तपासणी अहवाल उघडे आहेत ते वाचा. फक्त तिला हलवलंत तर महिन्याला साडेसातशे ते बाराशे दिरहम जास्त लागतील. नाट्यवर्ग किंवा वाचनगट जोडलात तरी दीड हजारात बसेल. एसआयपी सुरू राहते. मुलगा आठ वर्षांचा आहे आणि पत्रात त्याची काहीच तक्रार नाही. भावाबहिणीला समान न्याय म्हणून त्यालाही उचलायचं, हा विचार मनात असेल तर तो आत्ता सोडा.

ब्रिटिश शाळेचं दार बंद करा असं मी म्हणत नाही. मुलीसाठी ते इयर ९ पर्यंत उघडं आहे. या महिन्यापासून एकट्या मुलीच्या ब्रिटिश आणि आजच्या फीतला फरक, म्हणजे महिन्याला साधारण तीन हजार दिरहम, वेगळ्या खात्यात टाकायला लागा. जणू फी भरतच आहात. बारा महिने सलग, सुट्टीच्या तिकिटांना आणि दिवाळीलाही त्याला हात न लावता जमलं, तर तुमच्या घराची ताकद तुम्हाला कळेल, आणि ३६,००० दिरहम हाताशी असतील. पाचव्या महिन्यात खातं मोडावं लागलं, तर तेही आत्ताच कळलेलं बरं. दरम्यान यजमानांनी पुढच्या पगारवाढीच्या बोलणीत शिक्षण भत्ता मागावा. दुबईतल्या अनेक कंपन्या तो देतात, पण मागितल्याशिवाय क्वचित. वर्षाला मुलामागे २५,००० जरी करारपत्रात लेखी आले, तर माझं वरचं मत बदलेल आणि मी आनंदाने बदलेन. तोंडी आश्वासनावर मात्र नाही.

अनामतीचे ८,५०० दिरहम महिनाअखेर भरू नका. ती तुमची पूर्ण एका महिन्याची बचत आहे. शाळेने आग्रह धरला, तर प्रवेश न घेतल्यास किती परत मिळेल ते पालक-करारातल्या कलमासह ईमेलवर मागवा, आणि तो ईमेल व पगारवाढीचं पत्र, दोन्ही मला पाठवा. आकडे पुन्हा मांडू.