ट्रेडमिलवरचा आकडा आणि फर्मागुडीचा चढ

फोंड्याच्या एका आईनं लिहिलंय: मुलगा बारावी सायन्सला आहे, लहानपणापासून पोहतो, सायकल तर वेड्यासारखी चालवतो, ट्रायथलॉन (पोहणं, सायकल आणि धावणं, सलग) करायचं म्हणतो. जिममध्ये ट्रेडमिलवर फिटनेस टेस्ट केली, व्हीओटू मॅक्स, म्हणजे पूर्ण जोर लावताना शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतं तो आकडा, 44 आला, तेव्हापासून गप्प आहे, सगळं सोडून बीकॉमला जातो म्हणतो. काय करू?

ताई, आधी त्याला एवढंच विचारा, टेस्टच्या वेळी तोंडाला मास्क होता का? नसेल तर त्या मशीननं त्याचा ऑक्सिजन मोजलाच नाही, स्पीड, चढ आणि हार्टरेटवरून अंदाज बांधला, आणि मध्येच दांडी धरली असेल तर तो अंदाजही गेला.

आणि समजा होता मास्क, तरी जो मुलगा फर्मागुडीचा चढ सायकलनं चढतो पण धावत नाही त्याला ट्रेडमिलवर चढवलं की दम लागायच्या आधी पोटऱ्याच बोंबलतात, म्हणून तर रोइंगवाल्यांना रोइंग मशीनवर 2000 मीटर मारायला लावतात, सायकलवाल्यांना सायकलवर तपासतात. मीही एकदा एका पोहणाऱ्या मुलीला बीप टेस्टवरून (बीपच्या तालावर वाढत्या वेगानं ये-जा धावायची टेस्ट) 'स्टॅमिना कमी' म्हणून मोकळा झालो होतो, अजून लाज वाटते.

पण त्याची बाजू घेऊन सगळं उडवूनही लावत नाही हं. पणजीच्या मिरामारची आयर्नमॅन 70.3 ट्रायथलॉन बघा, समुद्रात 1.9 किमी, सायकल 90 आणि मग त्याच थकलेल्या पायांनी 21.1 किमी धावायचं. तो 44 खरा धरला तरी एवढंच सांगतोय की धावणं कच्चं आहे, आणि सतराव्या वर्षी ते सुधारतं.

पोहण्याची टेस्ट मशीनशिवाय होते. पणजीत कांपालच्या पूलमध्ये नीट वॉर्मअप करून 400 मीटर जीव तोडून, मग पूर्ण दम घेऊन 200. समजा 400 ला 6:40 लागले आणि 200 ला 3:10, तर फरक 200 मीटरला 210 सेकंद, म्हणजे 100 मीटरला 1:45, हा साधारण त्याचा लांब पल्ल्याचा वेग. दोन महिन्यांनी परत, त्याच वेळी, सकाळीच, कारण आपल्याकडच्या दमट दुपारी हार्टरेट उगाच चढतो.

बीकॉमबद्दल. तुम्ही पत्रात सहज लिहिलंय की तो रात्रभर घड्याळातले हार्टरेटचे ग्राफ बघत बसतो. अहो, ते ग्राफ वाचणाऱ्यांचीच तर गरज असते! इंफाळच्या नॅशनल स्पोर्ट्स युनिव्हर्सिटीत बीएस्सी स्पोर्ट्स कोचिंग आहे, बायोलॉजी असेल तर फिजिओथेरपीचाही रस्ता आहे, पुढे एक्सरसाइज फिजिओलॉजीत (व्यायामात शरीर कसं चालतं त्याचं शास्त्र) मास्टर्स करता येतं. गोव्यात अशा नोकऱ्या मोजक्याच, बाहेर जावं लागेल हे आत्ताच सांगून ठेवतो, आणि पहिली काही वर्षं पगार बेताचा.

निर्णय चवथीनंतर घ्या, घाई नाही. तोवर ते दोन टायमिंग मला कळवा, आणि टेस्टच्या आदल्या रात्री मोबाइल काढून घ्या.