मशीनची सवय लागेल का?

प्रश्न: माझी आई ६७ वर्षांची आहे, गावाकडं सगळं आयुष्य चुलीवर स्वयंपाक केला, आता सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे. मध्यंतरी आयसीयूत होती, घरी सोडताना रात्री लावायला बायपॅप (मास्कमधून दाबानं हवा देणारं मशीन) दिलंय. ऑक्सिजनचं मशीन आधीपासून आहेच. पण ती तासाभरात मास्क काढून टाकते, म्हणते जीव गुदमरतो. मग बोटाला ऑक्सिमीटर लावून ८८ दिसलं की आम्ही ऑक्सिजन वाढवतो. शेजारच्या काकू म्हणतात, याची एकदा सवय लागली की सुटत नाही. काय करावं?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर: आधी ऑक्सिजन वाढवणं थांबवा. रागावत नाहीये, घरोघरी हेच होतं. पण आईंना नुसता ऑक्सिजन कमी पडत नाहीये, कार्बन डायऑक्साइड आत साठतोय आणि तो बोटाच्या त्या चिमट्याला दिसतच नाही. अशा पेशंटला ८८ ते ९२ पुरतं. ९८ च्या मागं लागलात तर तो वायू आणखी साठतो, सकाळी डोकं धरतं, दिवसा गुंगी येते, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. तसं काही दिसलं तर 'झोपलीय तर झोपू दे' म्हणू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. आणि ८८ च्या खाली राहायला लागलं तरी ऑक्सिजनचे लिटर मनानं न वाढवता डॉक्टरांना फोन करा.

बायपॅप श्वास घेताना जास्त दाब देतं, सोडताना कमी, म्हणजे दमलेल्या स्नायूंचं काम रात्रभर हलकं होतं आणि साठलेला वायू बाहेर पडतो. काकूंचं निम्मं बरोबर आहे, मशीन बहुतेक कायमचं लागेल, पण ते फुप्फुसांमुळं, मशीनमुळं नाही. २०१७ साली ब्रिटनमधला एक अभ्यास आला होता, आयसीयूसारख्या दुखण्यातून उठूनही ज्यांचा कार्बन डायऑक्साइड चढाच राहिला अशांचा. नुसत्या घरच्या ऑक्सिजनवर निम्मे लोक १.४ महिन्यांतच परत अ‍ॅडमिट झाले किंवा दगावले, सोबत बायपॅप असलेल्यांत तीच वेळ ४.३ महिन्यांनी आली.

आता मास्क. दुपारी टीव्ही बघताना अर्धा तास लावा, आधी पट्टे न बांधता आईंनाच हातानं धरू द्या. हवा सुटते म्हणून पट्टे करकचून आवळले की नाकाच्या हाडावर जखम होते आणि मग त्या मास्कला हातही लावू देणार नाहीत, त्यापेक्षा साईझ बदलून मागा. मास्कवरची बारीक भोकं मात्र मुद्दाम ठेवलेली असतात, सोडलेला श्वास तिथूनच जातो, त्यांना टेप लावू नका (लावणारे भेटलेत मला!). तोंड कोरडं पडत असेल तर हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर विचारा. लाइट जात असेल तर इन्व्हर्टर हवाच. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत देवाचा दिवा, अगरबत्ती नको.

महिनाभरात डॉक्टरांना विचारून एबीजी (रक्तातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजणारी तपासणी) करून घ्या. मनगटाच्या धमनीतनं रक्त काढतात, दुखतं, आई चिडतील, पण मशीनचं सेटिंग बरोबर आहे का हे त्याशिवाय कळणार नाही.