कटिंग वाढवूनही माल वाढत नसेल, तर आधी ट्रे मोजा

डिचोलीहून आलेला प्रश्न असा: काजूच्या युनिटमध्ये बीचं कवच कापणारं दुसरं कटिंग मशीन बसवलं, तरी दिवसाला पॅक होणारा गर तेवढाच. आता सोलायला बायका वाढवू का, आणि रोज कोणते आकडे बघू?

बायका वाढवायची घाई करू नका. वाळपईकडे मी हेच काम करतो आणि या जागी मीही अडकलो होतो.

सकाळी काम सुरू व्हायच्या आधी शेडमध्ये एक फेरी मारा. बोर्मा (गर वाळवायची भट्टी), सोलणी, ग्रेडिंग, पॅकिंग, प्रत्येकाच्या पुढ्यात किती किलो गर पडून आहे ते लिहा. चार-पाच दिवसांत कळेल, कुणाच्या दारात ढीग वाढतोय आणि कोण मालाची वाट बघत बसतंय. त्या दोघांच्या मधे काम अडलेलं असतं. ते कटिंगच्या पुढे कुठेतरी असेल, तर नवीन मशीन फक्त ढीग वाढवणार.

माझा ढीग सोलणीपुढे होता. एक दिवस मावशींच्या शेजारी सुरी घेऊन बसलो. एका ट्रेमधल्या गराची साल अंगठ्याने चोळली की सुटायची. दुसऱ्या ट्रेमधला गर खरवडावा लागायचा, आणि खरवडताना दुभंगून त्याची पाकळी व्हायची. हे चिवट ट्रे बोर्म्याच्या वरच्या खणातले निघाले. आच खालून, त्यामुळे खालचे ट्रे वाळायचे, वरचे ओलसर राहायचे. मधल्या वेळेला ट्रे खाली-वर करायला लागलो आणि माणूस न वाढवता ढीग ओसरला. ढीग सोलणीपुढे होता, दोष एक पायरी मागे.

आता आकडे. ‘कटिंग मशीन किती तास चाललं’ हा आकडा वहीतून काढून टाका. तो चांगला दिसावा म्हणून माणसं कापत सुटतात, आणि जूनच्या दमट हवेत कापलेला गर ओल धरत पडून राहतो.

‘सोलणीचे किलो’ हा तर महाग पडणारा आकडा. मी नुसत्या किलोवर मजुरी दिली तेव्हा हात भराभर चालले आणि पाकळी वाढली. डब्ल्यू-३२० म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० अख्खे गर. तो फुटला की ग्रेड गेली आणि भावही गेला. आता अख्ख्या गराला वेगळा दर देतो.

मी तीन आकडे ठेवतो: दिवसाला पॅक झालेला गर, ८० किलोच्या पोत्यामागे निघालेला अख्खा गर, आणि कटिंगपासून पॅकिंगपर्यंत लागलेले दिवस. तिसऱ्यासाठी प्रत्येक ट्रेवर तारीख लावायची गरज नाही. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम पुरतो: मधे अडकलेला गर भागिले रोज पॅक होणारा गर. मधे ३६० किलो असेल आणि दिवसाला ९० किलो पॅक होत असेल, तर सरासरी चार दिवस. काजू बी मार्च ते मे मध्ये पैसे ओतून घ्यायची आणि पुढे महिनोन्महिने त्यातून गर काढत राहायचं, असा आपला धंदा. त्यात हे चार दिवसही जड असतात.

कुठल्याही खर्चाआधी एकच विचारा: याने पॅक होणारा अख्खा गर वाढेल का? बोर्मा अडत असेल तर दुसरा बोर्मा घ्या, पण त्याआधी आहे तो जेवणाच्या सुट्टीत रिकामा राहतो का ते बघा.

चार-पाच दिवसांचे किलो इथे टाका. सोबत बोर्म्यात ट्रे किती बसतात आणि एक लॉट वाळायला किती तास लागतात तेही लिहा, मग दुसऱ्या बोर्म्याचा हिशेब मांडू.