पक्षाघातानंतर बाबा हाताचे व्यायाम टाळतात, म्हणतात, ‘मला फक्त म्हार्दोळच्या देवळात जायचंय.’ फिजिओचं ऐकायचं की बाबांचं?

बाबांचं ऐका, आणि देवळाचं ध्येय फिजिओला स्पष्ट सांगून व्यायाम त्यावरून आखायला लावा. मी गोव्यात फिजिओथेरपीच करते. पक्षाघातानंतर ज्या हालचालीचा सराव होतो, सुधारणा मुख्यतः तिच्यातच दिसते. चेंडू दाबून पायरी चढता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१ च्या वर्गीकरणातही अवयवांच्या दोषाबरोबर रोजचे व्यवहार आणि चारचौघांत वावरणं यांचा विचार आहे, तेव्हा बाबांच्या म्हणण्याला हट्ट म्हणू नका. (घरातलेच जास्त म्हणतात!)

आता देवळात जायला नेमकं काय काय लागतं ते मांडा:
- बाल्कांवाच्या (घरापुढच्या बसायच्या ओट्याच्या) पायऱ्या: चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी. कुणीतरी अधू बाजूला उभं राहावं.
- गाडीत बसणं, उतरणं.
- चपला. हे हमखास राहून जातं. घोट्याला आधाराचा स्प्लिंट असेल तर तो बहुधा चपलेबरोबरच निघतो आणि पाऊल अडखळायला लागतं. अनवाणी चालणं आणि उंबरठा ओलांडणं आधी फिजिओसमोर करून बघा, मग घरी. पावसात ओल्या फरशीवर तर मुळीच घाई नको.

फक्त हात अगदी सोडून देऊ नका. खांदा आखडला की दुखतो, झोप उडते, आणि मग चालायचा सरावही मागे पडतो. हाताचे व्यायाम थोडे ठेवा, पण ते कशासाठी आहेत हे फिजिओने बाबांनाच सांगायला हवं, तुम्हाला नव्हे.